कडेवर उमटलेले वळ

(जोगेश्वरी पश्चिमेच्या एका गाळ्याचे शटर अर्धे वर आहे. आत टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याची करवत, नुकतीच बंद झाली असून पाते अजून मंद फिरत आहे.)

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारामागच्या या गाळ्यात मिस्त्रींनी आत्ताच कापलेली सागवानाची फळी ट्यूबलाइटखाली तिरपी धरली आहे, कारण समोरून पडणाऱ्या उजेडात जी कड गुळगुळीत भासते तिच्यावरचे वळ तिरप्या उजेडातच सावली टाकतात. मग ते कानामागची पेन्सिल काढतात आणि तिचे शिसे आडवे धरून कडेवरून हलकेच फिरवतात. उंचवट्यांवर काळे चढते, खोलगट भाग कोरा राहतो, आणि क्षणापूर्वी साफ वाटणाऱ्या कडेवर कमानीसारख्या रेषांची रांग उभी राहते.

शेजारी उभा असलेला शिकाऊ मुलगा विचारतो, "काका, नागदेवीहून नवीन ब्लेड आणू का?"

"थांब जरा. आधी रेषा मोजू दे."

काप खराब आला की दोष पात्याच्या माथी मारायचा, हा सुतारकामातला सर्वांत महागडा गैरसमज आहे असे आम्हांला या गाळ्यात अनेक दिवस बसल्यावर वाटू लागले. नागदेवी स्ट्रीटवर पाती हवी तेवढी मिळतात, पण पाते बदलून तोच वळ पुन्हा उमटला तर पैसा जातो आणि दोष जागच्या जागी राहतो. शिवाय दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या असतील तेव्हा हे वळ नुसते दिसण्यापुरते उरत नाहीत. उंचवट्यांमुळे कडा एकमेकींना पूर्ण भिडत नाहीत, गोंदाची रेघ जाड राहते आणि पॉलिशनंतर ती काळपट दिसते.

(कॅमेरा कडेच्या अगदी जवळ आहे. फळीवर पोलादी पट्टी ठेवलेली आहे.)

रेषांमधले अंतर साधारण १ मिलिमीटर भरते. या एका आकड्यात बरेच काही आहे. पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल आणि फळी मिनिटाला ४ मीटर या वेगाने पुढे सरकत असेल, तर पात्याच्या एका फेऱ्यात फळी बरोबर १ मिलिमीटर पुढे जाते. पात्याला ४० दाते असतील तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०२५ मिलिमीटर लाकूड येते, आणि सगळे दाते सारखे असले तर इतक्या जवळजवळच्या रेषा डोळ्यांना दिसणारच नाहीत. रेष मिलिमीटरामागे एकदाच उमटते याचा अर्थ असा, की प्रत्येक फेऱ्यात एकच दात, किंवा पात्याची एकच बाजू, इतरांपेक्षा बाहेर येत आहे.

ते दोन कारणांनी होऊ शकते. एखाद्या दाताचा कार्बाइडचा तुकडा धार लावताना बाजूने कमी घासला गेलेला असतो, किंवा अख्खे पाते डगमगत असते. मिस्त्री मशीनचा प्लग काढतात, नुसते बटण बंद करून थांबत नाहीत, आणि डायल गेजचे, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे टोक दातांच्या थोडे आत, पात्याच्या सपाट अंगाला टेकवून पाते हाताने सावकाश फिरवतात. काटा एका जागी पुढे सरकतो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर मागे येतो. पाते डगमगत आहे.

नट सोडून पाते बाहेर काढल्यावर कारण सापडते, आणि ते नखाएवढेही नाही. पात्याला घट्ट धरणाऱ्या वॉशरच्या कडेला सागवानाचा भुसा आणि चीक यांचा एक पापुद्रा वाळून बसला आहे. ही वॉशर ७० मिलिमीटर व्यासाची आणि पाते २५४ मिलिमीटरचे, म्हणजे वॉशरच्या कडेला जेवढी जाडी अडकली असेल तिच्या साडेतीन पटींहून अधिक डगमग दातांपाशी दिसते. ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा तिथे ०.१८ मिलिमीटरचा होतो, आणि एवढा वळ अंधारात बोटालाही कळतो. मिस्त्री दोन्ही वॉशर आणि पात्याचा मधला भाग कापडाने पुसून स्वच्छ करतात. पुसूनही काटा हललाच असता तर पाते त्याला फिरवणाऱ्या दांड्यावर पाव फेरा वळवून पुन्हा बसवायचे, असे ते मुलाला दाखवतात. उंच जागा पात्याबरोबर सरकली तर पाते वाकलेले आहे, आणि दांड्याच्या जुन्या खुणेपाशीच राहिली तर दोष दांड्याच्या फ्लॅंजमध्ये, म्हणजे पाते ज्या चकतीला टेकते तिच्यात आहे.

दुसऱ्या एका फळीवर मात्र वेगळीच नक्षी आहे. तिथे कमानी एका दिशेच्या नसून एकमेकींना छेदतात, आणि कडेवर बारीक जाळी दिसते. पात्याचा पुढचा भाग कापतो तेव्हा कमानी एका अंगाला झुकतात. मागून वर येणारे दातही लाकडाला घासू लागले की उलट्या झुकावाच्या कमानी त्यांच्यावर उमटतात. जाळी दिसली म्हणजे मागचे दातही लाकडाला लागत आहेत, आणि फळी ज्या रेषेत सरकते त्या रेषेला पाते समांतर आहे का हे तपासायला हवे.

(मार्करने खूण केलेला एक दात, त्याच्यासमोर लाकडी ठोकळ्यातला स्क्रू.)

ही तपासणी आम्ही मुद्दाम पूर्ण चित्रित केली, कारण ती बहुतेक वेळा चुकीची केली जाते. पाते पूर्ण वर घेऊन एका दातावर खूण करायची. टेबलावरच्या खाचेत सरकणाऱ्या गाईडला लाकडी ठोकळा क्लॅम्पने बांधायचा आणि त्यात बसवलेला स्क्रू त्या दाताला जेमतेम टेकेल इतका पुढे आणायचा. नंतर पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा, गाईडही मागे सरकवायचे आणि स्क्रू व दात यांच्यातली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पट्ट्यांनी पाहायची. दात तोच हवा, कारण पुढे एक आणि मागे दुसरा दात मोजला तर पात्याची डगमगही मापात मिसळते आणि नसलेला दोष दुरुस्त करण्यात सकाळ जाते. इथे फट ०.३ मिलिमीटर निघाली. मिस्त्रींनी टेबल ज्या बोल्टांनी सांगाड्याला जखडलेले असते त्यांपैकी तीन सैल केले, चौथा किंचित ताणात ठेवला आणि लाकडी हातोडीने टेबलाच्या कोपऱ्यावर हलके ठोके देत फट ०.०५ वर आणली.

त्यानंतरच फेन्सची, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे ढकलतात त्या सरळ पट्टीची पाळी येते. तिचेही माप त्याच खाचेवरून घ्यायचे. फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेली नसावी, एवढी अट कडक आहे, मागे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर उघडी असली तर चालते, पण मिटलेली असली तर फळी पाते आणि फेन्स यांच्यामध्ये आवळली जाते, मागचे दात तिला उचलतात आणि ती मागे, म्हणजे माणसाच्या अंगावर, फेकली जाते.

काळे डाग ही निराळी बाब आहे. सागवानात सिलिका असते आणि ती दातांची धार लवकर मारते. बोथट दात लाकूड कापण्याऐवजी घासतो आणि घर्षणाने कड करपते. फार सावकाश ढकलल्यानेही तेच होते, म्हणून लाकडाच्या तंतूंच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या कापाला २४ दातांचे पाते बरे, तिथे ८० दातांचे लावले की करपणे आलेच. दातांवर चिकाचा थर असेल तर पाते काढून कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावे आणि जुन्या टूथब्रशने घासावे; पुष्कळदा बोथट समजलेल्या पात्याची धार त्या थराखाली शाबूत असते. आणि काही फळ्या स्वतःच दोषी असतात. नीट न सुकलेल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या लाकडात ताण असतो, कापताच दोन्ही भाग एकमेकांकडे मिटतात आणि पात्याला चिमटा बसतो. पात्यामागची पोलादी पट्टी, म्हणजे रिव्हिंग नाइफ, अशा वेळी काप उघडा ठेवते. अडचण होते म्हणून ती काढून ठेवण्याची सवय अनेक गाळ्यांत आहे. या गाळ्यात ती जागेवर पाहून आम्हांला मनापासून बरे वाटले.

प्लायच्या खालच्या थराचे टवके उडत असतील तर पात्याभोवतीची फट बुजवणारी लाकडी पट्टी बसवावी आणि दर्शनी बाजू वर ठेवावी, कारण दात वरून खाली जातात.

(धुतलेले पाते परत बसवले आहे. फळी पुन्हा टेबलावर आहे.)

नवा काप येतो. पेन्सिल फिरवल्यावर कमानी नाहीत, जाळी नाही. पण शेवटून सुमारे एक फुटावर एक खोल वळ आहे, एकच. मशीनमध्ये आता शोधण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून मिस्त्री फळी मशीनवर परत ठेवून वळाची जागा पात्यापाशी आणतात आणि स्वतः कुठे उभे होते ते पाहतात. त्यांच्या मागे प्लायची थप्पी आहे, पुढे अर्ध्यावर असलेले शटर. सहा फुटी फळी त्या जागी येते तेव्हा तिचे पुढचे टोक आधाराविना खाली झुकते, आणि ती वर उचलून धरण्यासाठी हात क्षणभर थांबतात.

खाऱ्या हवेने टेबलावर आलेला गंज घासून मिस्त्री त्यावर मेण चोळतात. सिलिकॉनचा फवारा ते वापरत नाहीत, कारण तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. मुलगा शटर पूर्ण वर करतो, रोलरचा स्टँड बाहेरच्या पॅसेजमध्ये नेऊन टेबलाच्या उंचीला लावतो आणि ये-जा करणाऱ्यांना थांबवून बाजूला उभा राहतो. मशीन सुरू होते. फळी न थांबता पात्यातून जाते, रोलरवर चढते आणि उंबऱ्याबाहेर दिवसाच्या उजेडात येते.