एकच वाट : हार्टली, १८६२

(दृश्य : नॉर्थम्बरलंडचा किनारा, सपाट शेतं, हिवाळ्यातलं ढगाळ आकाश.)

१६ जानेवारी १८६२. गुरुवार. इंग्लंडच्या ईशान्येला, समुद्रापासून थोड्याच अंतरावर न्यू हार्टली नावाचं खाणकामगारांचं गाव. सकाळचे साडेदहा वाजत आले आहेत आणि हेस्टर पिट या कोळशाच्या खाणीत पाळी बदलते आहे. पहाटे उतरलेले कामगार अजून पुरते वर आलेले नाहीत, आणि त्यांच्या जागी येणारे खाली पोचले आहेत. म्हणजे दिवसभरात खाणीत सगळ्यात जास्त माणसं असतात, ती हीच वेळ.

वर जमिनीवर एक अवाढव्य वाफेचं इंजिन पंप ओढतं आहे. ही खाण पाण्याची. शेजारची जुनी खाण पाणी भरल्यामुळेच सोडून द्यावी लागली होती, आणि १८४५ साली ही नवी खोदायला घेतली. पंप थांबला तर खाण बुडणार, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत. त्या पंपाचा सगळा भार एका ओतीव लोखंडाच्या तुळईवर. वजन चाळीस टनांच्या वर. तुळईचं एक टोक इंजिनघरात, दुसरं थेट खाणीच्या तोंडावर.

साडेदहाच्या सुमारास ती तुळई मधोमध मोडली. खाणीच्या तोंडावरचा अर्धा भाग, वीस टनांहून जास्त लोखंड, सरळ खाली गेला.

(दृश्य : शाफ्टचा उभा छेद. रेखाचित्र.)

आता ही खाण आतून कशी होती ते नीट पाहा, कारण सगळं इथेच आहे. खाली जायला एकच शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखी सरळ खाली खोदलेली वाट. आपल्याकडच्या मोठ्या विहिरीएवढा रुंद, जेमतेम बारा फूट, पण खोल सहाशे फुटांच्या आसपास. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत लाकडी फळ्यांची भिंत घालून दोन भाग केलेले. एका भागातून ताजी हवा खाली जायची, दुसऱ्यातून वापरलेली हवा वर यायची. ती वर यावी म्हणून खाणीच्या तळाशी भट्टी पेटती ठेवायची. गरम हवा वर चढली की तिच्या ओढीने ताजी हवा आत येते. माणसं उतरायची ती याच शाफ्टमधून, कोळसा वर यायचा तो इथूनच, आणि पंपाचे नळही इथेच. दुसरी वाट नव्हती. कारण दुसरा शाफ्ट खोदायचा म्हणजे खर्च.

लोखंड कोसळलं ते फळ्यांची भिंत, आधाराची लाकडं, दगडी बांधकाम सगळं बरोबर घेऊन. त्याच क्षणी पाळी संपवलेले आठ जण पिंजऱ्यातून वर येत होते. त्यातले पाच गेले, तीन वाचले. हा सगळा ढिगारा शाफ्टच्या मध्यावर अडकला आणि घट्ट बसला. त्याच्या खाली १९९ माणसं आणि मुलं जिवंत होती.

त्यांनी जे करायला हवं तेच केलं. पंप बंद पडल्यामुळे खालच्या थरात पाणी चढणार हे ओळखून ते शिडीने वरच्या थरात आले. वरच्यांना कळावं म्हणून ठोकत राहिले. सुरुवातीला तो आवाज वर ऐकूही येत होता. गावातल्या बायका शाफ्टच्या तोंडाशी उभ्या राहिल्या त्या तिथून हलल्या नाहीत.

मदतीला डरहमचे विल्यम कूल्सन आले. शाफ्ट खोदणाऱ्यांचे मुकादम, त्या भागातला या कामातला सगळ्यात जाणता माणूस. त्यांची माणसं कमरेला दोर बांधून त्या अरुंद भोकात लोंबकळत एकेक ओंडका, एकेक दगड काढत होती. खालून आधार नाही, वरून सैल झालेले दगड कधी पडतील याचा नेम नाही. शनिवार-रविवारपर्यंत विषारी वायू वर येऊ लागला. खाली उतरलेले अर्धबेशुद्ध होऊन वर यायचे, थोडं सावरलं की पुन्हा उतरायचे. पुढे त्यांना खास पदकं दिली गेली. ती दिली नसती तरी या माणसांचं काम तेवढंच मोठं होतं.

आत पोचायला बुधवार उजाडला. २२ जानेवारी. सहा दिवस.

आत कोणीही जिवंत नव्हतं. अंगावर जखमा नव्हत्या. ओळीने बसल्या बसल्या, झोपल्या झोपल्या गेलेले. बाप आणि मुलगे एकमेकांना टेकलेले, भाऊ भावांच्या शेजारी. भट्टीचा विषारी वायू बंद झालेल्या खाणीत साठत गेला होता आणि त्याला बाहेर जायला वाट उरली नव्हती.

एकाच्या खिशात छोटी वही सापडली. तिच्यात शुक्रवारची नोंद आहे : पावणेदोन वाजता सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. अडीच वाजता काही जणांची प्रकृती फार बिघडली. नावं लिहिली आहेत, कोणी प्रार्थना सांगितली तेही लिहिलं आहे. त्यापुढे काही नाही.

ही नोंद नीट वाचली की हिशेब कळतो. तुळई मोडली गुरुवारी सकाळी. शुक्रवारी दुपारपर्यंत ते शुद्धीवर होते, बोलत होते, लिहीत होते. म्हणजे अपघाताच्या क्षणी त्यांच्यातला एकही मेला नव्हता. लोखंडाने त्यांना हातही लावला नाही. त्यांना मारलं ते दुसरी वाट नसण्याने. मृतांचा आकडा २०४ झाला. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा. गावातली काही घरं अशी होती की घरातला एकही पुरुष उरला नाही.

(दृश्य : त्या काळच्या सचित्र वृत्तपत्रातली रेखाचित्रं. शाफ्टभोवतीची गर्दी.)

तार आणि रेल्वे आलेली असल्यामुळे ही बातमी रोजच्या रोज देशभर पोचत होती. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट जाऊन जेमतेम महिना झाला होता. तिने निरोप पाठवला की, माझ्या स्वतःच्या दुःखामुळे या विधवांचं दुःख मला जास्तच जाणवतं. २६ जानेवारीला, रविवारी, शेजारच्या अर्सडन गावी दफन झालं. चर्चची जागा पुरेना म्हणून लागूनची जमीन घ्यावी लागली. तिथे आज एक दगडी स्तंभ आहे आणि त्यावर नावं आणि वयं कोरलेली आहेत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला : यापुढे कोणत्याही नव्या खाणीला बाहेर पडायच्या किमान दोन वाटा हव्यात, आणि जुन्या खाणींनीही ठरावीक मुदतीत दुसरी वाट करून घ्यावी. सात महिन्यांत. जाणकार लोक वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते. एका शाफ्टवर खाण चालवणं धोक्याचं आहे हे कळायला २०४ प्रेतांची गरज नव्हती. ती लागली कायदा करायला.

(दृश्य : यॉर्कशायर. झाडीतून वाहणारा लहान ओढा.)

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २४ वर्षं मागे जाऊ. ४ जुलै १८३८, यॉर्कशायरमधलं सिल्कस्टोन गाव. व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाला एक आठवडासुद्धा झाला नव्हता. त्या दुपारी गारांसह तुफान पाऊस झाला आणि हस्कर खाणीत वर-खाली नेणारं इंजिन बंद पडलं. खालची मुलं घाबरली. तिरक्या बोगद्याने डोंगराच्या कुशीत बाहेर पडता येत होतं, तिकडे ती निघाली. हवा अडवायला बोगद्यात एक दार होतं. ती दाराशी असताना बाहेरचा ओढा फुगून पाणी बोगद्यात शिरलं आणि त्या दाराशीच त्यांना गाठलं. २६ मुलं बुडाली. अकरा मुली, पंधरा मुलगे. वयं सात ते सतरा.

सात वर्षांचं मूल खाणीत काय करत होतं, हा प्रश्न लंडनमध्ये तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला. चौकशी आयोग नेमला. त्याच्यासमोर सेरा गूडर नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने जबाब दिला. तिचं काम दार उघडण्या-मिटण्याचं : कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की बंद करायचं, एरवी एकटीने बसून राहायचं. ती म्हणाली, मी दमत नाही, पण उजेड नसतो आणि मला भीती वाटते. कधी उजेड असला तर मी गाते; अंधारात गायची हिंमत होत नाही.

१८४२ च्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी आली. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बंदी नव्हती. 

(दृश्य : डेव्हीचा दिवा, जवळून.)

आणि खाणीतल्या पेट घेणाऱ्या वायूचं काय? हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाचा हा जाळीचा दिवा १८१५ चा. आतली ज्योत जाळीबाहेरच्या वायूला पेटवत नाही. पण त्याचा उजेड फार मंद, आणि मजुरी मिळायची ती काढलेल्या कोळशावर, म्हणून कित्येक जण उघड्या मेणबत्तीवरच काम करत. शिवाय हा दिवा हाताशी आल्यावर ज्या वायूच्या थरांना आधी कोणी हात लावत नसे तेही खोदले जाऊ लागले. १८४४ साली डरहममधल्या हॅस्वेल खाणीत स्फोट होऊन ९५ जण गेले. सरकारने चौकशीला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना पाठवलं. हवेचा वेग कसा मोजता, असं फॅरडेंनी खाली विचारलं, तर एकाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतीवरून सोडून धूर कसा वाहतो ते दाखवलं. बाकीची दारू कुठे ठेवता? उत्तर मिळालं, आपण बसला आहात त्या पोत्यात. खाणीत सावधगिरीची पातळी काय होती, हे यावरून कळावं.

फॅरडे आणि लायल यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की हवेत उडणारी कोळशाची भुकटीसुद्धा पेटते आणि स्फोट लांबवर नेते. पण ते अनेक वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. १२ डिसेंबर १८६६ ला बार्न्सलीच्या ओक्स खाणीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी वाचवायला उतरलेल्यांवर दुसरा स्फोट झाला आणि त्यातले २७ जण गेले. एकूण मृत्यू किमान ३६१. पुढे १८९६ साली जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने स्फोटात गेलेल्यांच्या देहांची तपासणी करून दाखवून दिलं की बहुतेक जण आगीने वा धक्क्याने मरत नाहीत, तर नंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात. हा वायू माणसाआधी लहान प्राण्यांना जाणवतो, म्हणून उंदीर किंवा लहान पक्षी बरोबर न्यावा, हे त्यांनीच सुचवलं. हार्टलीच्या वहीत तो वायू काय करतो ते ३४ वर्षांआधी लिहिलेलं होतं.

हा सगळा कोळसा जायचा कुठे, याचं एक उत्तर आपल्या घराजवळ आहे. मुंबईच्या गिरण्या आणि इथल्या रेल्वेची इंजिनं सुरुवातीची बरीच वर्षं विलायतेहून जहाजाने आलेल्या कोळशावर चालत.

(दृश्य : छताला लावलेले लाकडी टेकू.)

आता ज्यांच्यासाठी स्तंभ उभे राहिले नाहीत, त्यांच्याबद्दल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या खाणींत वर्षाला साधारण एक हजार माणसं मरत. मोठ्या स्फोटांच्या बातम्या होत, पण त्या हजारांत सगळ्यात मोठा वाटा होता छत आणि बाजूचा दगड कोसळण्याचा, दहापैकी सुमारे चार. एक दगड, एक माणूस. बहुतेक दिवशी कुठे ना कुठे.

त्याचं कारण मजुरीत होतं. पैसे मिळायचे वर आलेल्या कोळशाचे. छताला टेकू लावणं, दगड तपासणं, पडझड उपसणं, या कामाला अनेक ठिकाणी पैसे नसत. म्हणजे टेकू लावायला थांबलेला माणूस स्वतःची मजुरी बुडवत होता. चौकशीत मग निष्काळजीपणाचा ठपका त्याच्यावरच यायचा. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. ज्याच्याकडे थांबायला पैसे नव्हते, तो थांबला नाही म्हणून दोषी ठरला.

आणि त्याच्या बायकोला काय मिळायचं? १८३७ पासून न्यायालयांची भूमिका अशी की सहकाऱ्याच्या चुकीने मजूर मेला तर मालक जबाबदार नाही. राहायचं घरही खाणीचं. स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरला २२ ऑक्टोबर १८७७ च्या स्फोटात दोनशेहून जास्त माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी ३४ विधवांना मुलांबाळांसकट खाणीच्या घरांतून बाहेर काढलं गेलं. घर कामगाराचं, आणि त्यांच्या घरात कामगार उरला नव्हता.

हार्टलीच्या कुटुंबांसाठी देशभरातून वर्गणी जमली, ऐंशी हजार पौंडांच्या आसपास. एकट्या दगडाखाली गेलेल्या माणसाच्या घरी अशी वर्गणी येत नसे. १८९७ साली भरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १८९८ पासून लागू झाला. चूक कोणाची हे सिद्ध न करता, कामावर मेलेल्या मजुराच्या कुटुंबाला तीन वर्षांच्या मजुरीएवढी रक्कम : कमीत कमी १५० पौंड, जास्तीत जास्त ३००. त्या आधीच्या साठ वर्षांत गेलेल्यांच्या घरच्यांना हा कायदा मागे जाऊन लागू झाला नाही.