जँगो शिकताना कुठं अडलं, ते सांगायचं कसं?

(लातूर इथं संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढं केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. विद्यार्थी पुढं आणि शिक्षक मागच्या रांगेत, अशी आपली नेहमीची बैठक आहे. आज बोलायचंय ते मात्र मागच्या रांगेबद्दल जास्त.

जँगो ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली वेबसाइट बांधायची चौकट. ती जन्मली सिलिकॉन व्हॅलीत नव्हे, तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. एड्रियन होलोवॅटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये कामाला सुरुवात केली आणि २००५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. तिचं अधिकृत ट्युटोरियल आठ भागांचं आहे. त्यात मतदानाचं एक छोटं ॲप बांधायचं असतं, नाव ‘पोल्स’. ट्युटोरियल चांगलंच आहे. तरीही आपली पोरं पहिल्याच भागात अडतात, आणि विचारलं तर म्हणतात, “सर, चालंना झालंय.”

आता “चालंना झालंय” यावर कुणी काय करावं? शिक्षक येतो, खुर्ची ओढतो, खटाखट चार बटणं दाबतो, चालू करून देतो. पोरगं खूश, शिक्षकही खूश. पण नेमकं काय अडलं होतं, ते दोघांनाही माहीत नाही.

एका मुलीनं मला कागदावर असं लिहून दिलं होतं: “भाग १. यूआरएल्स नावाची फाइल करा असं सांगितलंय. ती मायसाइट फोल्डरात आधीच होती, म्हणून तिच्यातलं पुसून तिथंच नवीन लिहिलं. एररची शेवटची ओळ म्हणते, मायसाइटमधून व्ह्यूज इम्पोर्ट होत नाही.” याला म्हणायचं अभिप्राय! ट्युटोरियलमध्ये ‘पोल्स’ फोल्डरातली फाइल असं स्पष्ट लिहिलंय, हे खरं. पण ‘मायसाइट’ हा अख्ख्या साइटचा फोल्डर, ‘पोल्स’ हा ॲपचा; पत्त्यांची यादी ठेवणाऱ्या एकाच नावाच्या दोन फाइली, दोन फोल्डरांत, आणि एकीनं दुसरीला हाक मारायची, ही गोष्ट नव्या माणसाच्या डोक्यात अजून बसलेली नसते. ‘आधीच आहे की’ असं वाटणं अगदी साहजिक आहे. त्या कागदावरून शिक्षकाला कळतं, की तो भाग सुरू करण्याआधी फळ्यावर दोन फोल्डर काढून दाखवायचे. पाच मिनिटांचं काम.

त्याच भागातली दुसरी गंमत. सर्व्हर पहिल्यांदा सुरू केला की रॉकेटचं चित्र आणि अभिनंदन दिसतं. मग आपण पोल्सचा पत्ता जोडतो, पुन्हा लोकलहोस्ट ८००० (म्हणजे आपल्याच संगणकावरचा साइटचा पत्ता) उघडतो, तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’! पोरांना वाटतं, मघाशी चालत होतं, आपण बिघडवलं. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. तुमचा स्वतःचा एकही पत्ता नसतो तोवरच ते रॉकेट दिसतं. आता पत्ता आहे, पण तो ‘पोल्स’ या नावावर. मोकळ्या पत्त्यावर कुणीच राहत नाही. ट्युटोरियलमध्ये इथं सूचनेची एक छोटी चौकट आहे: पान सापडत नसेल तर पत्त्यात शेवटी ‘पोल्स’ आहे का बघा. मुरलेल्या माणसाला अशी चौकट आपणहून सुचेल, असं मला वाटत नाही. पूर्वी जिथं जिनिंग होती तिथून डावीकडं वळा, असं गावातला माणूस पाहुण्याला बिनदिक्कत सांगतो, तसंच हे. त्याच्या डोळ्यांपुढं जिनिंग अजून उभीच असते.

म्हणून अडल्याबरोबर लिहा. मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट असे दोन वेगळे हुकूम कशाला, हा प्रश्न पहिल्या दिवशी छळतो. पहिला बदलांची फाइल तयार करतो, दुसरा ते बदल डेटाबेसवर चढवतो, हे एकदा कळलं की पंधरा दिवसांनी तोच विद्यार्थी ज्युनिअरला सांगतो, “सोपंय की.” तो आता त्या धड्याच्या परीक्षणाला निरुपयोगी झाला.

लिहिताना व्हर्जन नक्की लिहा. जुने व्हिडिओ बघून ‘यूआरएल इम्पोर्ट होत नाही’ म्हणून रडणारे दर बॅचला भेटतात. पत्ता जोडायला पूर्वी ‘यूआरएल’ नावाचं फंक्शन होतं; डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० बरोबर त्याच कामाचं ‘पाथ’ आलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये ४.० नं ते जुनं ‘यूआरएल’ काढूनच टाकलं. यात तुमची चूक काहीच नाही. विंडोजवर पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, तेही लिहा, लाजू नका.

आता शिक्षकांनो, एक सावधगिरी. कुठं अडलं हे पोरगं सांगतं ते शंभर टक्के खरं. पण उपाय सांगतं तो तपासून घ्या. “सगळा कोड पीडीएफमध्ये द्या” ही मागणी येणारच, नोट्सवर वाढलेला आपला मुलूख आहे! दिला, तर अडणं थांबेल आणि शिकणंही. “यात पायथन शिकवलंच नाही” ही तक्रारसुद्धा अर्धीच खरी. अधिकृत ट्युटोरियल पायथन येतं असं धरूनच चालतं. ज्याला तेही येत नाही त्याच्यासाठी जँगो गर्ल्सचं ट्युटोरियल आहे. मुलींना, बायकांना प्रोग्रामिंग शिकवायची ही चळवळ २०१४ मध्ये बर्लिनच्या कार्यशाळेपासून सुरू झाली. त्या ट्युटोरियलमध्ये इंटरनेट कसं चालतं, कमांड लाइन म्हणजे काय, इथपासून सुरुवात आहे. जँगो बऱ्याच नंतर येतं. म्हणजे कधी धडा दुरुस्त करायचा असतो, तर कधी फक्त दुसरा धडा हातात द्यायचा असतो.

आणि धड्यातच खोट सापडली तर ती वर्गात ठेवू नका. जँगोचं दस्तऐवजीकरण कोडबरोबर एकाच भांडारात असतं. शुद्धलेखनाची किरकोळ चूक असेल तर तिकीट, म्हणजे जँगोच्या साइटवर तक्रारीची नोंद, न काढता थेट दुरुस्ती पाठवता येते. मोठी गोष्ट असेल तर आधी तिकीट. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. भाग कोणता, काय टाइप केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, एवढं त्यात हवं.

जेवणानंतर लॅबमध्ये पहिले दोन भाग करू. मतदानाचा प्रश्न आपला घ्या: यंदा मोंढ्यात सोयाबीनचा भाव वाढेल का? प्रत्येकाजवळ कोरा कागद असेल. शिक्षकांनी मागं उभं राहायचं, बघायचं, आणि पोरानं अडलेलं लिहून काढेपर्यंत कीबोर्डला हात लावायचा नाही.