पूर रोज येतो

नमस्कार श्रोतेहो.

पंचवटीत आमच्या घरी पहाटे चारला पाण्याची मोटार सुरू होते. सासऱ्यांना जाग आलेली असते, आणि जागा माणूस टाकी भरतो. मुलगी सुटीत घरी आली की नऊशिवाय उठत नाही. दोघांचं एकमेकांविषयीचं मत ऐकण्यासारखं आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे आज वकीलपत्र दोघांचंही माझ्याकडे.

भांडणाच्या मुळाशी शरीरातलं घड्याळ आहे. त्याची चाल ज्यात लख्ख दिसते, ते संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ते तयार करतात. ‘ताणाचं संप्रेरक’ म्हटलं की लोक दचकतात, पण ते रोज वाढतं आणि वाढायलाच हवं. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला असतं, पहाटे चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं आणि मग दिवसभर उतरत जातं. पावसाळ्यात आपण नाशिककर विचारतो ना, गोदावरीचं पाणी काठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? कॉर्टिसॉलचा पूर असा रोज सकाळी येतो. त्यात बिघाड काही नाही. बघायचं असतं ते संध्याकाळी किती ओसरला.

वयानुसार बदलतं ते मुख्यतः तिथेच. रात्रीचा तळ वर सरकतो, चढ-उतारातलं अंतर कमी होतं आणि चढाची वेळ अलीकडे येते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० ते ८० या वयांदरम्यान कॉर्टिसॉलची चोवीस तासांची सरासरी २० ते ५० टक्क्यांनी वाढलेली दिसली, बायकांत आणि पुरुषांतही. एरवी कॉर्टिसॉल पुरेसं झालं की ते स्वतःच मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप धाडतं. उतारवयात मेंदू तो निरोप तितक्या तत्परतेनं ऐकत नाही. गाढ झोप तर त्याच्या बरीच आधी, चाळिशीच्या आसपासच, आटायला लागलेली असते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळीवाल्यांची गोष्ट आणखी निराळी. रात्रपाळी लागली म्हणून हे घड्याळ दोन दिवसांत उलटं फिरत नाही. ते उजेडावर चालतं, पंचिंग मशीनवर नाही.

आता एक घरचीच फजिती. माझ्या जावेचा रिपोर्ट आला, कॉर्टिसॉल ‘लो’. घरात धावपळ, मोबाइलवर शोधाशोध, एकाने तर आजाराचं नावही ठरवून टाकलं. मी कागद हातात घेतला. रक्त घेतल्याची वेळ दुपारी सव्वाचार, आणि शेजारी छापलेला पल्ला सकाळी आठचा! पूर ओसरल्यावर पाणी मोजलं, मग ते कमीच भरणार. तेव्हा ही तपासणी सांगितली, तर रक्त किती वाजता द्यायचं ते डॉक्टरांना विचारा आणि कागदावर ती वेळ लिहिली आहे ना ते पाहा. दम्यासाठी, सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने आकडा बदलतो. मात्र आपल्या मनाने ते औषध बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

सासऱ्यांना हल्ली कोणी ‘झोपा अजून’ म्हणत नाही. ते उठतात, गॅलरीत बसतात, उजाडलं की गोदाकाठी चक्कर मारून येतात. मोटारीला सहाच्या आत हात लावायचा नाही, एवढा तह झालाय. मुलीने दिवाळीपर्यंत तरी तो मान्य केलाय.

नमस्कार.