त्या टकटक करणाऱ्याला बाहेर काढा

राम राम मंडळी. वाचनालयाच्या हॉलमधे एवढी पोरं बघून लई बरं वाटलं. त्यातली निम्मी तर ओळखीचीच दिसायलेत, गणपतीत डीजेवाल्याकडं वायरी गुंडाळायला असतात ती. विषय बाहेर फळ्यावर लिहिलाय, गाणं बनवायचं सॉफ्टवेअर फुकट कुठं शिकायचं. त्याची नावं मी देणारच आहे, पण आधी एक गोष्ट सांगू द्या, कारण नुसती यादी दिली की ती मोबाईलमधे सेव्ह होऊन तशीच पडून राहते.

बारावी झाल्यावर मी शहरात एका क्लासला आठ हजार रुपये भरले. त्या वर्षी सोयाबीनचे पैसे वेळेवर आले होते, वडिलांनी त्यातले काढून दिले, एक शब्द विचारला नाही. क्लासमधे पहिल्या दिवशी सांगितलं टेम्पो, म्हणजे गती, 120 ठेवा, मिनिटाला एवढे ठोके, फोर बाय फोर ठेवा, एका मापात चार ठोके, आणि मग बटणं. हे बटण दाबा, ते दाबा. का दाबायचं, असं विचारलं की पुढच्या महिन्याच्या ॲडव्हान्स कोर्समधे येईल. ॲडव्हान्सचे पैसे वेगळे. मला आजही त्या आठ हजारांचं वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट ह्याचं वाटतं की कारण विचारायचं नसतं ही सवय मला तिथं लागली आणि ती मोडायला दोन वर्षं गेली.

तर गावी आलो, आणि आमच्या गल्लीत एक गोंधळी काका आहेत, नवरात्रात तुळजापूरला जातात, संबळ असं वाजवतात की बसलेला माणूस उठतो. म्हणलं काका, तुमचं रेकॉर्डिंग करू. त्यांना हेडफोन घातला, लय मोजून देणारा मेट्रोनोम चालू केला, 120. काकांनी चार ठोके वाजवले, थांबले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं, हे टकटक करणारं कोण बसलंय आत? त्याला आधी बाहेर काढ, मग वाजवतो." (हशा.) हसू नका, काका बरोबर होते. गोंधळ काय एका लयीत उभा राहतो का? देवीला बोलवताना सावकाश असतो आणि मग चढत जातो, तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. पण मला क्लासमधे शिकवलेलं एकच ठाऊक होतं, ठोका ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या लयीच्या रेषांवर, नाही बसला तर क्वांटाइझ करायचं, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक ठोका ओढून जवळच्या रेषेवर नेऊन ठेवतं. मी रात्रभर बसून सगळं ओढलं. सकाळी काकांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूच म्हणाले, "हे मी वाजवलेलं नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता हो, तेच जास्त लागलं.

मग मी पहिल्यांदा सॉफ्टवेअरचं मॅन्युअल उघडलं. रीपर नावाचं गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर वापरत होतो. विनॅम्प आठवतं का कुणाला, पूर्वी कॉम्प्युटरवर गाणी ऐकायचो ते? ते बनवणारे जस्टिन फ्रँकल, त्यांनीच पुढं रीपर बनवलं. तर त्याचं चारशेच्या वर पानांचं मॅन्युअल कंपनीच्याच साइटवर फुकट आहे. त्यात टेम्पो मॅपचं प्रकरण सापडलं. एक आवर्तन जेवढ्या वेळात झालं तेवढा तुकडा सिलेक्ट करायचा आणि ह्याचं एक माप बनव म्हणून सांगायचं, की ग्रिड स्वतः वाकून वादकाच्या लयीवर येऊन बसतं. पुढचं आवर्तन जलद असेल तर तिथं रेषा जवळ येतात. अख्खा गोंधळ असा बांधला, एकही ठोका हलवला नाही. ज्यासाठी मी रात्र घालवली ते चार पानांत लिहिलेलं होतं आणि फुकट होतं.

मला हेच सांगायचंय. फुकट साहित्याला तोटा नाही, आपण ते सॉफ्टवेअरच्या नावानं शोधतो तिथं चुकतं. आपल्या अडचणीच्या नावानं शोधलं पाहिजे. एफएल स्टुडिओ हेही असंच गाणं बनवायचं सॉफ्टवेअर, "एफएल स्टुडिओ ट्युटोरियल" टाकलं की हजार व्हिडिओ येतात, सगळे पहिल्या धड्याचे. "टेम्पो मॅप लाइव्ह ड्रमर" टाकलं की नेमका तुमचाच प्रश्न पडलेला माणूस सापडतो. आता ते शब्द कुठून आणायचे? मॅन्युअलच्या अनुक्रमणिकेतून. आणि आपली भाषा त्यांच्या भाषेत बदलून घ्यायची. भजनात पेटीवाला विचारतो ना, पट्टी कोणती? काळी चार म्हणजे जी शार्प, पांढरी एक म्हणजे सी. रूपक ताल सात मात्रांचा, मग सेव्हन बाय एट लावा. एवढा कागद एकदा भिंतीला चिकटवला की कुठलाही इंग्रजी धडा...

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं राहिलीत म्हणे, पुढं शाळेचा कार्यक्रम आहे. बरं, मग भराभर सांगतो, लिहून घ्या.

एफएलवाल्यांनो, त्यात एफ वन दाबलं की मॅन्युअल उघडतं, ते आधी वाचा. त्याच्या ट्रायलमधे प्रोजेक्ट सेव्ह होतं पण विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही, म्हणून बंद करायच्या आधी प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाईल काढून ठेवा. पेनड्राइव्हवरचं क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, घेऊ नका, आमच्या एका मित्राच्या लग्नाच्या सीझनच्या सगळ्या फाईली त्या क्रॅकपायी गेल्या. रीपर साठ दिवस पूर्ण चालतं आणि साध्या वापराचं लायसन 60 डॉलरला आहे. त्यांच्या साइटवर केनी जोया यांचे व्हिडिओ आहेत, एकेका व्हिडिओत एकेक काम. गाणं बनवायला एलएमएमएस आणि रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी, दोन्ही कायमचं फुकट. लॅपटॉप नाही त्यांनी फोनवर बँडलॅब ॲप घ्या, सुरुवातीला पुरतं.

अगदी मुळापासून शिकायचं असेल तर एबलटन ह्या संगीत सॉफ्टवेअरच्या कंपनीची लर्निंग म्युझिक नावाची साइट आहे, ब्राउझरमधेच चालते, ठोका, सूर, बेस हे सगळं तिथंच हातानं करून बघता येतं. त्यांचीच लर्निंग सिंथ्स आहे, सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य. सिंथ फुकट हवा असेल तर सर्ज एक्सटी आणि व्हायटल. सर्जमधे स्वरांचं ट्युनिंग बदलता येतं, पेटीच्या बाहेरचे सूर लागणाऱ्यांनी ते जरूर बघा.

वाचायला साउंड ऑन साउंड हे मासिक, 1985 पासूनचं, त्याचे जुने लेख साइटवर ढिगानं आहेत. आणि सगळ्यात मोलाचं, केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या साइटवर माइक सीनियर यांनी शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक सरावासाठी ठेवलेत. ड्रम वेगळा, आवाज वेगळा, गिटार वेगळी. तुमच्याकडं माईक नसला तरी मिक्सिंग, म्हणजे सुटे ट्रॅक एकत्र जमवणं, शिकता येतं. महिन्याला एकच गाणं घ्या, दहा वेळा मिक्स करा, अडलं तिथंच शोधा.

वेळ संपला. मागच्या टेबलावर माझा लॅपटॉप आणि दोन हेडफोन ठेवलेत. काकांच्या संबळाची दोन्ही रेकॉर्डिंग त्यात आहेत, मी ओढून बसवलेलं आणि ग्रिड वाकवलेलं. आधी ओढलेलं ऐका, आणि रांगेत उभं राहा, वायरीला धक्का लावू नका.