पानापाशी किती उजेड?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात गॅलरीतली तुळस मी दिवाणखान्यात आणली आणि तिच्यावर 9 वॅटचा पांढरा एलईडी बल्ब लावला. खाली बसून पेपर वाचावा इतका उजेड. तीन आठवड्यांत तुळस लांबुडकी झाली. पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर बोटभर वाढलं, नवी पानं बारीक आणि फिकट. मी खत घातलं, पाणी बदलून पाहिलं. उपाशी होती ती उजेडाला.

आपला डोळा इथे फसतो. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात 1 लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, ढगाळ दिवशी उघड्यावर 10 हजारांच्या मागेपुढे. घरात ट्यूबलाइटखाली जेमतेम 200 ते 300! तरी घरात आपल्याला अंधारलेलं वाटत नाही, कारण डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि मेंदू सांभाळून घेतो. झाडाकडे ही सोय नाही. म्हणून उजेड मोजायचा, आणि तोही पानापाशी.

मोबाइलवर लक्स मोजणारं एखादं ॲप घ्या. उजेड टिपणारा सेन्सर बहुतेक फोनमध्ये पुढच्या बाजूला, सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो. त्यामुळे फोन शेंड्याच्या उंचीवर आडवा धरून स्क्रीन दिव्याकडे करायचा, आपली सावली पडू द्यायची नाही. माझ्या बल्बखाली 60 सेंटिमीटरवर 400 लक्स आले. 30 सेंटिमीटरवर 1500. अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो. लांब ट्यूबच्या बाबतीत मात्र जवळून मोजताना इतका मोठा फरक पडत नाही. फोनाफोनात आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून दरवेळी एकाच फोनने मोजावं.

आता जरा नाजूक भाग. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, आणि आपल्या डोळ्याला हिरवट उजेड सर्वांत तेजस्वी दिसतो. झाड 400 ते 700 नॅनोमीटरमधल्या प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, वापरतं. दर सेकंदाला एक चौरस मीटरवर असे किती फोटॉन पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. पांढरा एलईडी असेल तर लक्सला साधारण 70 ने भागा. उन्हासाठी हाच भाजक 54 धरतात. झाडांसाठी म्हणून मिळणाऱ्या जांभळ्या दिव्याला यातलं काहीच चालत नाही. तिथे लक्स फार कमी दिसतात आणि झाडाला पुष्कळ मिळत असतं.

माझ्या 1500 लक्सचे झाले 21 मायक्रोमोल. मनी प्लांट एवढ्यावर तग धरून राहील. तुळस, मिरची ही उन्हाची झाडं, त्यांना 200 तरी हवेत. म्हणजे बल्ब अगदी शेंड्याला भिडेल इतका खाली आणल्याशिवाय एकट्याने भागणारं नव्हतं. मी पांढरं एलईडी पॅनल आणलं आणि शेंड्याशी 14 हजार लक्स मिळेपर्यंत ते वरखाली केलं. पॅनल 40 सेंटिमीटरवर ठेवलं तेव्हा जमलं.

उजेडाइतकेच तासही मोजायचे. 10 लाख मायक्रोमोल म्हणजे 1 मोल. दर सेकंदाला 200 मायक्रोमोल असे 16 तास दिले की दिवसाला साडेअकरा मोल होतात. तोच दिवा 8 तास लावला तर निम्मेच. दिवा घेताना खोक्यावरचे वॅट बघून निर्णय घेऊ नका, ते फक्त विजेचं बिल सांगतात. आणि मोजताना ट्रेचे कोपरेही मोजा. माझ्याकडे मधोमध 14 हजार तर कोपऱ्यात 8 हजारच निघाले. तिथे आता मनी प्लांट आहे.

झाड वाढतं तसं दिव्याच्या जवळ जातं, त्यामुळे दर रविवारी मी पुन्हा मोजते. काल शेंड्याशी 16 हजार भरले. तुळस दोन बोटं वाढली होती. पॅनलची साखळी दोन कड्या वर घेतली.