लाल किल्ल्यातला खटला

दिल्लीच्या लाल किल्ल्यातला हा दिवाण-ए-खास. २७ जानेवारी १८५८ रोजी इथे लष्करी आयोग बसला. आरोपी होता या वास्तूचाच धनी, ८२ वर्षांचा शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर. निवाडा करणारे सगळे इंग्रज फौजेतले अधिकारी. फिर्याद मांडणारे मेजर हॅरियट, तेही फौजेचेच.

आरोप चार. मुख्य असा की, ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर आणि ब्रिटिशांचा प्रजाजन असूनही त्याने बंडवाल्या शिपायांना साथ दिली आणि स्वतःला हिंदुस्थानचा बादशहा म्हणवलं. प्रजाजन! याच कंपनीने १७६५ साली त्याच्या आजोबांकडून, शाह आलमकडून, बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळवली होती. १८३५ पर्यंत रुपये पाडले तेही मोगल बादशहाच्या नावाने. महादजी शिंद्यांनी १७८४ साली वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा मुख्य कारभारी, हे पद पेशव्यांसाठी मिळवलं, तेही शाह आलमकडूनच. १८०३ मध्ये दिल्लीजवळ पटपडगंजला शिंद्यांची फौज हरली, तेव्हा कुठे शाह आलम इंग्रजांच्या हाती लागला. मग राजद्रोह कोणी कोणाशी केला?

चौथा आरोप मात्र असा उडवून लावता येत नाही. १६ मे १८५७ रोजी किल्ल्यात ४९ जणांची कत्तल झाली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. हुकूम बादशहाचा होता का? कागद एकेक करून पुढे येत, आणि त्याचाच हकीम अहसनउल्ला खान अक्षर ओळखून सांगे. बादशहाची लेखी कैफियत अशी की, शिपाई माझा शिक्का कोऱ्या लिफाफ्यांवर उमटवत; आत काय घातलं, कोणाला धाडलं, मला पत्ता नसे. खरं काय, हे तटस्थ न्यायालयानेच तपासायला हवं होतं. जिंकलेल्या फौजेला ते जमणारं नव्हतं. ९ मार्चला सर्व आरोप सिद्ध धरले गेले. पकडताना इंग्रज अधिकारी हॉडसनने जिवाची हमी दिली होती म्हणून फाशी टळली, आणि नशिबी रंगूनची हद्दपारी आली.

राज्यप्रमुखाला जाब विचारलाच पाहिजे, पण लष्करी न्यायालयात नव्हे. भारताचे राष्ट्रपती तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती, तरी लष्करी कायदा त्यांना लागू नाही. त्यांनी घटनाभंग केला तर कलम ६१ नुसार संसदेत महाभियोग चालतो. एक सभागृह आरोप ठेवतं, चौकशी दुसरं करतं, आणि तिथे बाजू मांडण्याचा राष्ट्रपतींना हक्क आहे. पदावर असेपर्यंत फौजदारी खटला चालत नाही; पायउतार झाल्यावर मात्र साध्या न्यायालयाची वाट मोकळी होते.