क्विड, बॉब आणि मंकी

नमस्कार श्रोतेहो. लंडनच्या बाजारात भाजीवाला ‘फाइव्ह क्विड’ म्हणाला, की पाच पौंड काढायचे. क्विड म्हणजे पौंड. हा शब्द आधी कानात बसवा, कारण तो दिवसभर ऐकू येतो. एक असो की पन्नास, क्विडच. ‘फाइव्ह क्विड्स’ म्हणालात की तुमचं नवखेपण उघडं पडलं. ‘क्विड्स इन’ म्हणजे फायद्यात, तेवढाच एक अपवाद. पाचाच्या नोटेला फायव्हर, दहाच्या नोटेला टेनर. यांचं मात्र अनेकवचन होतं. पेन्सला नुसतं ‘पी’.

आता पोनी आणि मंकी. पोनी म्हणजे 25 पौंड, मंकी म्हणजे 500. मुंबईत पेटी-खोका, तसे लंडनच्या पैजा लावणाऱ्यांत आणि जुन्या गाड्यांच्या सौद्यांत हे शब्द चालतात. हिंदुस्थानातल्या रुपयांच्या नोटांवर तट्टू आणि माकड छापलेलं असे, तिथून गोऱ्या सोजिरांनी ते नेले, असं हमखास सांगितलं जातं. गोष्ट झकास आहे, पण तशा नोटा कधी निघाल्याच नाहीत. इथलं सरकारी कागदी चलन आलं 1861 च्या कायद्यानं; दोन्ही शब्द इंग्लंडात त्याआधीपासून रुळलेले होते. आणखी एक गोम: कॉकनी बोलीत, म्हणजे पूर्व लंडनच्या कष्टकऱ्यांच्या बोलीत, पोनी म्हणजे ‘भिकार’सुद्धा. ‘दॅट्स पोनी’ ऐकून पाकिटाला हात घालू नका!

याच बोलीत यमक जुळवून नावं पाडतात. टेनरला ‘आयर्टन सेना’, म्हणजे ब्राझीलचा तो मोटारशर्यतपटू. फायव्हरला ‘लेडी गोडायव्हा’, म्हणजे इंग्लंडच्या दंतकथेतली एक सरदारीण.

बॉब म्हणजे शिलिंग. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. 15 फेब्रुवारी 1971 ला दशमान पद्धत आली आणि हा हिशेब संपला. तरी आपल्याकडे आणे गेले नि ‘चार आणे’ तोंडात राहिले, तसंच तिथंही झालं. एखादे आजोबा ‘टेन बॉब’ म्हणाले तर तो अर्धा पौंड; आता पौंडाचे शंभर पेन्स, म्हणून पन्नास पी. एखाद्याकडे ‘अ फ्यू बॉब’ आहेत, म्हणजे गडी चांगला मालदार आहे.

शंभराला टन, क्रिकेटच्या समालोचनात शतकाला म्हणतात तोच. हजाराला ग्रँड, इथंही ‘टू ग्रँड’च, ग्रँड्स नाही. खोलीचं भाडं कुणी ‘वन ग्रँड’ सांगितलं, तर महिन्याचं की आठवड्याचं ते लगेच विचारा. लंडनमध्ये दोन्ही रीती आहेत, आणि करारावर आकडा पौंडांतच लिहून घ्या.